पंगस माशाच्या खाद्यात कुटी (सुक्या मासळीची पूड) कमी करायचीय? मग असं करून बघा

देवगडकडे शेततळ्यात पंगस सोडलेत, आणि दरवर्षी एकच रडगाणं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, कुटी मिळत नाही, मिळाली तर भाव ऐकूनच घाम फुटतो, आणि नेमकी तेव्हाच तळं भरतं म्हणून आपण बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतो जिला सगळ्यात जास्त प्रोटीन लागतं. म्हणून हळूहळू कुटी कमी करत आणली. पूर्ण बंद नाही केली, ते आधीच सांगतो.

आधी हिशोब. बोटुकलीच्या खाद्यात साधारण ३५ टक्के प्रोटीन धरा, वाढीच्या पंगसला २८ ते ३० पुरतं. देशी मागूर मासा असेल तर थोडं वरच ठेवा. (थाई मागूरचं विचारूच नका, २००० पासून बंदी आहे त्यावर.)

आता माल. सोया डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड, हा खरा आधार, ४५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि बारमाही मिळते. पण कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यात पचन अडवणारा घटक असतो, भाजल्या-उकडल्याशिवाय तो जात नाही. डीओसी तयार होताना भाजली जाते म्हणून ती चालते. तिच्यात मिथिओनिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी पडतं, म्हणूनच थोडी कुटी राहू द्यायची. शेंगदाणा पेंड ४० च्या पुढे जाते, मासे आवडीने खातात, पण आपल्या हवेत ती म्हणजे डोकेदुखी. मी एका पावसाळ्यात चार गोणी एकदम आणून पडवीत रचल्या, खालच्या गोणीला हिरवट बुरशी धरली, वाटलं उकळून घालू काय होतंय, आणि मासे आठवड्यात खायचे थांबले. बुरशीचं विष उकळून जात नाही हो, पेंड सरळ फेकायची. तेव्हापासून पावसात १५ दिवसांचाच माल आणतो आणि फळ्यांवर ठेवतो. खोबऱ्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते, पण प्रोटीन २० च्या घरात, म्हणजे ती कोंड्याची जागा घेईल, कुटीची नाही. अझोला, ती पाण्यावर तरंगणारी वनस्पती, लोक फार डोक्यावर घेतात, पण १० किलो ओला सुकवला की अर्धा-पाऊण किलो हातात येतो, आणि पंगस काही गवत्यासारखा गवत खाणारा मासा नव्हे.

कोंबडीच्या दुकानातली आतडी फुकट मिळतात म्हणून तळ्यात ओतणारे बघितलेत. नको. पाणी सडतं, रोग येतो, आणि बाजारात आपल्या माशाचं नाव खराब होतं ते वेगळंच.

मला सगळ्यात कामाची वाटली ती ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी. ही घरातली माशी नव्हे, पूर्ण वाढलेली माशी जवळपास खातच नाही, चावतही नाही. पावसाच्या सुरुवातीला ड्रममध्ये आंब्याच्या साली, फणसाची चारखंडं (साल-पाती), उरलेला भात टाका, वर पुठ्ठ्याचे तुकडे अडकवा, आपसूक येऊन त्या फटींत अंडी घालते. अळी दोनेक आठवड्यांत तयार. पांढरट-पिवळसर असतानाच चाळून काढायची, काळी पडली की साल जाड होऊन पचायला जड जाते. थोड्या काळ्या मात्र पुढच्या पिढीला राखा. उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून खळ्यात सुकवा. सुकलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, पण चरबीही भरपूर, म्हणून मी दहात एक भागावर जात नाही, नाहीतर खाद्याला खवट वास मारतो. खाली उरलेला चोथा माडांना.

१० किलोचं माझं मिश्रण असं: डीओसी अडीच किलो, शेंगदाणा पेंड दीड, कुटी १, सुकी अळी १, भाताचा कोंडा साडेतीन, तांदळाचं पीठ ३०० ग्रॅम, मिनरल-व्हिटॅमिन २०० ग्रॅम. प्रोटीन ३१ च्या आसपास बसतं. बोटुकलीला कोंडा दीड किलोने कमी करून तेवढी डीओसी वाढवा. कुटी घेताना मूठभर ग्लासभर पाण्यात ढवळून बघा, तळाला वाळू किती बसते ते कळतं, आणि चाखूनही बघा, खारट असेल तर परत द्या.

पिठाची घट्ट पेज करायची, कोमट झाली की सगळं दळलेलं त्यात मळायचं, मिनरल शेवटी, आणि सोऱ्यातून पाडायचं. शेजारचे अण्णा बघून म्हणाले, मेल्या, माशांका चकल्यो घालतंस? कडक उन्हात दोन दिवस लागतात, पावसात मात्र सुकवायचा नाद सोडून रोजचं रोज करा.

हे खाद्य बुडतं. त्यामुळे चार कोपऱ्यांत ट्रे सोडायचे, अर्ध्या तासाने वर काढायचे, उरलं असेल तर उद्या कमी. बोटुकलीला रोज त्यांच्या वजनाच्या ५-६ टक्के, मोठ्यांना २-३, आणि ढगाळ दिवशी त्याहून कमी. पंगस वर येऊन हवा घेतो म्हणून पाणी बिघडलं तरी तगतो, त्यामुळे आपली चूक आपल्याला फार उशिरा कळते.

आणि सगळं तळं एकदम नव्या खाद्यावर टाकू नका. तळ्यातच दोन हापे, म्हणजे जाळीचे पिंजरे, लावा, प्रत्येकात ५० मासे, एकात जुनं खाद्य, एकात नवं, दर १५ दिवसांनी वजन, असं दीड महिना. घातलेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन, हा आकडा खाद्याच्या किलोच्या भावाने गुणा. समजा ४० रुपयांचं खाद्य अडीच किलो लागलं तर किलोभर मासा १०० ला पडला, आणि ५५ चं एक किलो ६०० ग्रॅम लागलं तर ८८ ला. माझी पहिली स्वस्त रेसिपी, कुटी अजिबात नसलेली, याच हिशोबात आपटली होती.