आगोट भरण्याआधी

मे महिना निम्मा सरला की आमच्याकडे आगोटीची यादी निघते. पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या जिनसा म्हणजे आगोट. किनारपट्टीवरून मुंबईत आलेल्या घरांत हा शब्द अजून आहे. यादी मात्र दुकानापासून नको, घरातल्या डब्यांपासून सुरू करा. सगळे डबे खाली उतरवा, तळाशी उरलेलं आधी संपवायला काढा, डबे घासून दोन दिवस उन्हात ठेवा. जितके कोरडे, घट्ट झाकणाचे डबे, तितकंच सामान आणायचं. एका वर्षी स्वस्त मिळाले म्हणून मी ३० किलो तांदूळ आणले आणि जुलैभर पोरकिडे निवडत बसले. इथल्या हवेत मीठसुद्धा पाझरतं, तिथे तांदळाचं काय!

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आधीच मागून ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती सगळ्या बिल्डिंगला हवी असते.

पहिला मान मसाल्याचा, कारण वर्षभराचा मसाला एकदम केला की बाहेरच्या छोट्या पाकिटांवरचा खर्च खरंच वाचतो. लालबागच्या मिरची गल्लीत रविवारी जाऊ नका. मधल्या वारी सकाळी गेलात तर दुकानदाराला बोलायला वेळ असतो. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी, प्रमाण आपापल्या घरचं. देठासकट मिरची स्वस्त दिसते, पण देठांचं वजनही आपणच विकत घेतो, म्हणून दोन्ही भाव विचारून हिशोब करा. मिरची घरी आणून कडकडीत वाळवा, मगच कांडायला न्या. दमट मिरचीचा मसाला पुढे बुरसतो आणि सगळे पैसे पाण्यात जातात. कांडप चालू असताना तिथेच उभं राहा, शिंका आल्या तरी. मसाला गार झाल्यावर बरणीत दाबून भरा आणि वर हिंगाचे खडे ठेवा.

मग सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, ताज्या मासळीचे भाव ऐकूनच पोट भरतं. म्हणून सुके बोंबील, सुकट, करंदी मेमध्येच घ्या. मरोळचा बाजार त्यासाठीच ओळखला जातो. घरी आणल्यावर पुन्हा एक ऊन द्या, कागदात गुंडाळून डब्यात भरा. पिशवीवर दुसरी पिशवी घ्या, लोकलमध्ये शेजारचीला ते कालवण अजून खायचं नसतं.

कांदा घेताना उन्हाळी कांदाच मागा. तो एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चार-पाच महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा तसा टिकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुना साठा आटतो, नवा अजून यायचा असतो, तेव्हा भाव बहुतेक चढतो. पण खोली लहान असेल तर गोणीच्या मोहात पडू नका. जाळीच्या पिशवीत, वारा लागेल असे ५-७ किलो टांगा. बटाटे त्याच्याजवळ नकोत.

तेलात फसायला सगळ्यात सोपं. १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात, पण १५ लिटर तेल भरतं साधारण १३.६५ किलो. पिशव्यांचंही तेच. दर्शनी किंमत सोडा, निव्वळ वजन वाचा आणि किलोचा भाव काढा. १५चा डबा घेणं परवडतं, पण एका घराला तो फार होतो. आम्ही मजल्यावरच्या तीन घरांत वाटून घेतो.

गहू आणि तूरडाळ जास्त घ्यायची असेल तर एरंडेल चोळून ठेवा. कडधान्यं मात्र हवीतच: मूग, मटकी, वाल, काळे वाटाणे. पहिल्या पावसात पालेभाजी भिजून, सडून येते, जुडी महाग आणि निम्मी टाकायची, त्या आठवड्यात हीच उपयोगी पडतात. कोकम, चिंच, खडे मीठ विसरलात तर वाण्याकडे पावसातून जावं लागेल, आणि कोथिंबिरीसाठी मोबाइलवरून मागवायला गेलात तर बिलात तीन जिनसा जास्त असतील. हे माझ्या अनुभवावरून.

शेवटी प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवून महिना लिहा. आमच्या एका डब्यावर दरवर्षी ‘श्रावणाआधी संपवा’ असं लिहिलेलं असतं. त्यात सुकट असते.