गंज कुठे आहे ते आधी बघा

शस्त्रक्रियेचं हत्यार गंजलं की ते घासून लख्ख करायचा मोह होतो. कृपा करून करू नका. गंजाबरोबर पुरावाही धुऊन जातो. आधी फोटो काढा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली गंजाची नेमकी जागा लिहून ठेवा. माझी निम्मी तपासणी तिथेच होते.

मग एका कोपऱ्यावर खोडरबर घासा. डाग निघाला आणि खाली धातू गुळगुळीत असेल, तर तो बाहेरून आलाय: वाफेच्या जुन्या पाइपातून किंवा ट्रेमधल्या दुसऱ्या गंजक्या हत्यारावरून. खाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसला, तर हत्यार स्वतःच गंजतंय, आणि माझा पहिला संशय क्लोराइडवर, म्हणजे मिठातल्या क्लोरीनवर जातो.

स्टेनलेस स्टीलला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटरचा थर. इम्प्लांटच्या, म्हणजे शरीरात बसवायच्या भागांच्या, ३१६एल स्टीलमध्ये १७ ते १९ टक्के क्रोमियम आणि २.२५ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. कात्रीच्या ४२० स्टीलमध्ये क्रोमियम १२ ते १४ टक्केच; धार टिकते, पण क्लोराइड तो थर लवकर भेदतं.

एकदा माझ्याकडे आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचे चिमटे आले. सगळ्यांच्या फक्त सांध्यात तपकिरी कडं. पाठवणाऱ्यांना खात्री होती की मालच खराब. रासायनिक घटक तपासले, कडकपणा मोजला, दोन्ही ठीक. सांधा उघडला तर आत सुकलेलं रक्त, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरच्या, कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणाऱ्या ईडीएस तपासणीत क्लोरीन ठळक. मग हत्यारं धुणाऱ्या ताईंना विचारलं, "ताई, ऑपरेशननंतर हे कुठे कुठे जातं?" त्या म्हणाल्या, "रक्त सुकू नये म्हणून सलाईनमध्ये ठेवतो." सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी! त्यात भर म्हणजे धुताना सांधे मिटलेलेच. त्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणून अशा वेळी चूक कोणाची हे विचारू नका, हत्याराचा प्रवास विचारा.

गंज फक्त लेसरने कोरलेल्या अक्षरांवर असेल, तर मात्र चौकशी बनवणाऱ्याकडे करा; त्या उष्णतेने तिथला थर बिघडतो.

कारण सापडलं असं वाटलं तरी अहवाल लगेच लिहू नका. त्याच लॉटमधली नवी हत्यारं घ्या. अर्धी सलाईनमध्ये, अर्धी क्षारविरहित पाण्यात रात्रभर ठेवा, सगळी सारखीच धुवा, १३४ अंश सेल्सिअसवर ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा. हे अनेकदा करा. सलाईनवाल्यांच्याच सांध्यात तेच कडं उमटलं, की मी सही करते.