‘डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं’ : सिस्टरांना अडकवणाऱ्या चुका

रात्री अडीचला पेशंटला धाप लागते. सिस्टर फोन लावते, पलीकडून झोपेतला आवाज येतो, ‘लॅसिक्स दोन देऊन टाका.’ लॅसिक्स म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी उतरवणारं इंजेक्शन. पण दोन काय, एमएल की अँप्युल? दोन एमएलच्या एका अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, 20 मिलिग्रॅम असतं. दोन अँप्युल म्हणजे 40. परत फोन केला तर ओरडा बसेल म्हणून कुणी विचारत नाही. ओरडा खा, पण विचारा.

फोनवरची ऑर्डर घ्यावीच लागली तर आधी केसपेपरवर लिहा आणि लिहिलेलं डॉक्टरांना वाचून दाखवा : औषध, मिलिग्रॅम, शिरेतून की स्नायूत. ‘हो’ आलं की मगच द्या. जोडीची सिस्टर असेल तर तिलाही ऐकू द्या. राउंडला डॉक्टरांची सही घेतल्याशिवाय ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला चार्ज, देऊ नका. दुपारी तेच डॉक्टर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणाले, तर तुमच्या हातात काय उरतं?

तसंही ‘डॉक्टरांनी सांगितलं’ ही ढाल पातळच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 106 बघा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून झाला तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत मेडिकल रजिस्टरवर नाव असलेल्यांपुरतीच आहे, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन त्यात धरलेलं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा असा आहे.

औषध न वाचता भरणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सुप्रीम कोर्टाने 1998 साली निकाल दिलेलं दिल्लीतलं स्प्रिंग मेडोज प्रकरण नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीने वाचावं. टायफॉइड झालेल्या मुलासाठी डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉल लिहिलं होतं. नर्सने वडिलांकडून लॅरिआगो, म्हणजे क्लोरोक्विन, मागवलं आणि शिरेतून दिलं. मुलाचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स कुठल्याही कौन्सिलकडे नोंदलेली नव्हती, आणि इंजेक्शन तिच्यावर सोपवणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरलाही कोर्टाने सोडलं नाही. मुलाला साडेबारा लाख, आईवडिलांना पाच लाख भरपाई मिळाली. म्हणून लेबल तीनदा वाचा : घेताना, भरताना, देण्याआधी. रिकामी अँप्युल पेशंट स्थिर होईपर्यंत ट्रेमध्येच ठेवा. आणि हो, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण राहिलं असेल तर याच आठवड्यात करा.

आता कागद. सकाळी सहाला एका बैठकीत, एकाच पेनने, बारा, दोन आणि चारचं बीपी 120/80 लिहिलेला चार्ट मी कितीदा पाहिलाय! वकिलाला असा चार्ट लांबूनच ओळखू येतो. नातेवाइकांनी मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, तेव्हा तो बाहेर जाणारच. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही, तारीख, वेळ. व्हाइटनर नको. राहून गेलेली नोंद ‘उशिरा केलेली नोंद’ असं म्हणून, लिहिल्याची खरी वेळ टाकून करा. औषधातली चूक कबूल करता येते, पण मागाहून बदललेला कागद बनावट दस्तऐवज ठरू शकतो आणि मग प्रकरण वेगळ्याच वळणावर जातं.

संमतिपत्रावर सही घेणं तुमच्याकडे येतं, ऑपरेशनमधले धोके समजावणं सर्जनचं काम. नातेवाईक ‘काय करणार आहेत हो?’ असं विचारत असतील तर पेन पुढे करू नका, सर्जनला बोलवा. पेशंटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं तर सरळ बंद.

आणि ‘डॉक्टरांना कळवले’ या दोन शब्दांवर नोट संपवू नका. अशी लिहा (आरएमओ म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) : ‘2.40 : आरएमओंना फोन, ऑक्सिजन 86, येतो म्हणाले. 2.55 : पुन्हा फोन, उचलला नाही. 2.57 : इन्चार्ज सिस्टरना कळवले. 3.05 : आरएमओ आले.’ एवढं लिहायला एक मिनिट लागतं.