इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्यावर आणण्यापूर्वी तिचे कायदेशीर स्थान कसे तपासावे

‘लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको’ अशी पाटी इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानांवर सर्रास दिसते. काही गाड्यांच्या बाबतीत ती पाटी पूर्णपणे खरी असते, तर काहींच्या बाबतीत ती ग्राहकाला अडचणीत आणणारी ठरते, आणि बाहेरून पाहता दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. म्हणून पैसे मोजण्याआधी आपण घेत असलेली गाडी कायद्याच्या भाषेत ‘मोटार वाहन’ ठरते की नाही, हा एकच प्रश्न नीट सोडवून घ्यावा. परवाना, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याचे वय या सर्वांची उत्तरे त्यातूनच निघतात.

काही अटी पूर्ण करणारी बॅटरीवरील गाडी ‘मोटार वाहन’ मानली जात नाही; या सवलतीच्या अटी समजून घेणे ही पहिली पायरी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे आणि त्याच व्याख्येत ही सवलत दिलेली आहे. दुचाकीच्या मोटारीची ‘तीस मिनिटांची शक्ती’ ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा, कमी असावी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा. बॅटरी वगळता गाडीचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नसावे. आणि तिला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावा. या अटी एकत्रितपणे पूर्ण व्हाव्या लागतात. वेग कमी आहे, पण मोटार ८०० वॅटची आहे, अशी गाडी सवलतीत बसत नाही. तीस मिनिटांची शक्ती म्हणजे मोटार सलग अर्धा तास देऊ शकते ती शक्ती. चढावर क्षणभर मिळणारी कमाल शक्ती वेगळी असते, त्यामुळे माहितीपत्रकातील आकडा यांपैकी कोणता आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

दुसरी पायरी कागदाची आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच गाळतात. वरील अटी पूर्ण होतात असे उत्पादकाने किंवा दुकानदाराने नुसते म्हणून भागत नाही. नियम १२६ मध्ये नेमलेल्या चाचणी संस्थेने तसे तपासून प्रमाणित केलेले असावे लागते. पुण्यातील एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मानेसरची आयकॅट या अशा संस्था आहेत. दुकानदाराकडून त्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरील मॉडेलचे नाव, मोटारीची शक्ती, वेग व वजन हे तपशील प्रत्यक्ष गाडीशी आणि बिलाशी ताडून पाहावेत. एकाच कंपनीच्या एका मॉडेलला प्रमाणपत्र असते, म्हणून तिच्या दुसऱ्या मॉडेललाही ते असेलच असे नाही. प्रत देण्यास टाळाटाळ होत असेल, तर ती गाडी घेऊ नये.

तिसरी पायरी म्हणजे गाडीत फेरफार झालेला नाही याची खात्री करणे. वेगाची मर्यादा बहुधा कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटारीला मिळणारी वीज नियंत्रित करणाऱ्या भागात, घातलेली असते आणि एखादी वायर सोडवून किंवा कंट्रोलर बदलून ती उठवता येते. काही विक्रेते ही गोष्ट ‘सोय’ म्हणून सांगतात, परंतु तो बदल होताच गाडी सवलतीच्या बाहेर जाते आणि रस्त्यावर ती नोंदणी नसलेले, विमा नसलेले मोटार वाहन ठरते. महाराष्ट्रात २०२२ साली परिवहन विभागाने अशा बेकायदा बदल केलेल्या दुचाकींविरुद्ध मोहीम हाती घेतली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम १८२ अ नुसार परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि नियमबाह्य वाहन विकणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद, प्रत्येक वाहनामागे १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे चाचणीसाठी गाडी चालवताना वेग २५ च्या पुढे जातो का, हे स्वतः पाहावे, आणि तसा गेला तर व्यवहार तेथेच थांबवावा.

गाडी सवलतीत बसत नसेल, तर तिच्यासाठी पेट्रोलच्या स्कूटरइतकीच कागदपत्रे लागतात. नोंदणी दुकानदारामार्फत होते आणि क्रमांकाची पाटी लागल्याशिवाय नवी गाडी ताब्यात घ्यायची नसते. खासगी इलेक्ट्रिक वाहनाची पाटी हिरवी व त्यावरील अक्षरे पांढरी असतात. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क माफ आहे, म्हणून बिलात ते लावलेले दिसल्यास जाब विचारावा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) लागतो. पीयूसी लागत नाही. चालवण्यासाठी किमान बिनगिअर दुचाकीचा परवाना हवा. केवळ मोटारगाडीचा परवाना चालत नाही. हेल्मेट चालक आणि मागे बसणारा या दोघांनाही सक्तीचे आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र थोडे थांबून विचार करावा, असे कळकळीने सांगावेसे वाटते. शाळेला किंवा क्लासला जाण्यासाठी पालक अशी गाडी मोठ्या विश्वासाने घेऊन देतात. ती खरोखर सवलतीतली असेल, तर मोटार वाहन कायद्यातील वयाची अट तिला लागू होत नाही. पण तीच गाडी मोटार वाहन ठरली आणि अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर कलम १९९ अ लागू होते: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवाना नाही. मुलाने पालकांच्या संमतीनेच गाडी नेली, असे न्यायालय गृहीत धरते; संमती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार पालकांवर येतो. अशी गाडी घेताना प्रमाणपत्राची प्रत घरात जपून ठेवावी आणि कोणा ओळखीच्या मेकॅनिकने तिचा वेग वाढवून दिलेला नाही ना, हे अधूनमधून तपासावे.

सवलतीतल्या गाडीलाही रस्त्याचे नियम पाळावेच लागतात. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कोणतेही वाहन चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे आणि तेथे मोटार किती वॅटची, हा प्रश्न येत नाही. अशा गाडीला विम्याची सक्ती नसल्यामुळे तिच्या धडकेने कोणी जखमी झाल्यास भरपाईचा बोजा थेट मालकावर येऊ शकतो. हेल्मेट कायद्याने सक्तीचे नसले, तरी ते घालावेच. डोके रस्त्यावर आपटण्यासाठी ताशी २० किलोमीटरचा वेगही पुरेसा असतो.

जुनी गाडी विकत घेत असल्यास वरील तपासणी उलट क्रमाने करावी. आधी कंट्रोलर आणि मोटार मूळचीच आहे का, हे अधिकृत सेवा केंद्रात पाहून घ्यावे, मग वेग तपासावा आणि शेवटी मूळ बिल व प्रमाणपत्राची प्रत मागावी. क्रमांकाची गाडी असेल, तर एमपरिवहन ॲपवर नोंदणी व विमा पाहून, हस्तांतरणाचा अर्ज भरल्यानंतरच उरलेली रक्कम द्यावी.