दोन मोठ्या शहरांमधून एक निवडताय? या चुका टाळा

शिफ्ट व्हायचं नक्की झालं आणि समोर दोन शहरं उरली की बहुतेक जण पहिलं काम करतात ते म्हणजे एक्सेल शीट उघडायची, दोन कॉलम, वर दोन शहरांची नावं आणि खाली भाडं, पगार, हवा, ट्रॅफिक, शाळा. शीटला काहीच हरकत नाही, कॉलमचं हेडिंग मात्र चुकलंय. अख्ख्या शहरात कुणीच राहत नाही हो, तुम्ही एका एरियात राहणार, तिथून एका ऑफिसला जाणार, मुलं असतील तर ती एका शाळेत जाणार. तेव्हा शहराच्या नावाऐवजी वर एरिया आणि ऑफिसचा पत्ता टाका, खालच्या बऱ्याचशा चुका तिथंच टळतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रँकिंग बघून निम्मा निर्णय करून टाकणं. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेची राहण्यायोग्य शहरांची यादी दरवर्षी सगळीकडे फिरते, 2022 ते 2024 व्हिएन्ना सलग पहिलं, 2025 ला कोपनहेगन, वगैरे. आता त्यात मोजतात काय, तर स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती आणि पर्यावरण, शिक्षण, पायाभूत सुविधा. तिथं राहायचा खर्च किती येतो हे त्या यादीत धरतच नाहीत! कंपन्या परदेशात माणसं पाठवतात तेव्हा त्यांना जादा भत्ता किती द्यायचा हे ठरवायला अशा याद्या कामाला येतात, भाडं स्वतःच्या खिशातून भरणाऱ्याला त्याचा उपयोग बेताचाच.

नंबिओसारख्या साइटवर खर्चाचे आकडे मिळतात पण ते वापरणाऱ्या लोकांनीच भरलेले असतात, न्यूयॉर्क म्हणजे 100 असं धरून बाकीची शहरं मोजतात, आणि जो मुख्य इंडेक्स आपण बघतो त्यात घरभाडं नसतंच, त्याचा इंडेक्स वेगळा. मग होतं काय की एका शहराचा 60 दिसतो, दुसऱ्याचा 68, आपण म्हणतो आठच तर पॉइंटचा फरक आहे, आणि खरी दरी असते ती न बघितलेल्या भाड्याच्या आकड्यात.

हद्दीचा घोळ तर कुणी लक्षातच घेत नाही. पॅरिस महापालिकेची हद्द साधारण 105 चौरस किलोमीटर, लोकवस्ती वीस-एकवीस लाख, पण आजूबाजूचा प्रदेश धरला तर सव्वा कोटीच्या आसपास. उलट चीनचं चोंगचिंग कागदावर 82 हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळपास ऑस्ट्रिया देशाएवढं, आणि त्यात भरपूर ग्रामीण भाग. आता या दोघांची घनता किंवा प्रदूषणाची सरासरी शेजारी ठेवून काय कळणार? गुन्ह्यांच्या आकड्यांचंही तेच. लंडनमधल्या सिटी ऑफ लंडन या जेमतेम तीन चौरस किलोमीटरच्या भागात राहतात काही हजार लोक आणि कामाला येतात लाखो. गुन्हे मोजायचे आलेल्या सगळ्यांचे आणि भागायचे राहणाऱ्यांच्या संख्येने, मग दर आभाळाला टेकणारच. क्राइम रेट बघायचा असेल तर वॉर्डचा किंवा पोलीस स्टेशनचा बघा, आणि हद्द काय धरलीये ते आधी वाचा.

पगाराकडे येऊ. ऑफरचा आकडा एक्स्चेंज रेटने गुणून खूश होणं ही चूक आता बऱ्याच जणांना माहितीये, पण एकाच देशातली दोन शहरं असली की टॅक्स सारखाच असणार असं धरून चालतात. तसं नसतं. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, कॅलिफोर्नियात आहे आणि वरच्या स्लॅबला चांगला जड आहे, म्हणून टेक्सासमधलं ऑस्टिन स्वस्त वाटतं, पण घर घ्यायचा विचार असेल तर टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्स बघितल्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही. कॅनडात टोरंटोला वस्तू-सेवांच्या खरेदीवर 13 टक्के टॅक्स, कॅल्गरीला 5. भाड्याचंही बघा, आज किती यापेक्षा पुढच्या वर्षी किती वाढू शकतं हे महत्त्वाचं. टोरंटोच्या ओंटारिओ प्रांतात भाडेवाढीवर दरवर्षी सरकारी मर्यादा असते, पण 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ती लागू नाही. म्हणजे टोरंटोत चकाचक नव्या टॉवरमध्ये भाड्याने घर घेतलं की तुम्ही त्या संरक्षणाच्या बाहेर. कॅल्गरीच्या अल्बर्टा प्रांतात वाढीच्या रकमेवर मर्यादाच नाही.

आणि भाड्यात काय काय येतं ते शब्द न शब्द विचारा. जर्मनीत जाहिरातीत दोन भाडी असतात, एक हीटिंग आणि बिल्डिंगचा खर्च सोडून, एक धरून, आणि लोक लहान आकडा शीटमध्ये टाकून मोकळे होतात. शिवाय तिथं बरेच फ्लॅट किचनशिवाय मिळतात. किचनशिवाय म्हणजे अक्षरशः रिकामी खोली, भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे पाइप, टोपण लावलेलं ड्रेनेजचं तोंड, शेगडीसाठी सोडलेली वायर, बस. सिंक, कपाटं, शेगडी तुम्ही आणायची नाहीतर आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायची. पहिल्या महिन्याचं बजेट इथंच कोलमडतं.

कम्यूटबद्दल जास्त लिहितो कारण माझ्या मते पगाराखालोखाल हीच गोष्ट माणसाला सुखी नाहीतर चिडका बनवते. लोक मॅपवर अंतर बघतात, तेही रविवारी दुपारी सोफ्यावर बसून, आणि 25 मिनिटं दिसली की टिक मारतात. गूगल मॅप्समध्ये पोहोचण्याची वेळ टाकायची सोय आहे, ती वापरा, मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊला ऑफिसात पोहोचायचंय असं टाका, मग संध्याकाळी सहाला निघायचं असं उलट्या बाजूनं टाका. गाडीची वेळ रेंजमध्ये दाखवतात, अमुक ते तमुक मिनिटं, त्यातला मोठा आकडा शीटमध्ये लिहा. ट्रेन किंवा मेट्रो असेल तर किती वेळा बदलायची, ती दर किती मिनिटांनी येते, रात्री शेवटची कधी. दर तीन मिनिटांनी येणारी चुकली तर काही बिघडत नाही, अर्ध्या तासाने येणारी चुकली की संध्याकाळ गेली. हे सगळं दोन्ही पत्त्यांसाठी करा, फक्त आवडत्या शहरासाठी नको.

हवामानाच्या सरासरीनं पण भले भले फसतात. लंडनचा वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटरच्या आसपास, सिडनीचा साधारण दुप्पट. यावरून कोण म्हणेल की लंडन ओलं आणि सिडनी उन्हाचं? लंडनला रिपरिप फार, आभाळ भरलेलं, आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा मिलिमीटर सोडा, उन्हाचे तास बघा आणि सगळ्यात वाईट महिना कोणता ते बघा. जमलं तर त्याच महिन्यात जाऊन या, आणि टुरिस्ट भागातल्या हॉटेलात न राहता ज्या एरियात घर घ्यायचंय तिथं चार दिवस राहा, तेही वीकडेजला.

जोडीदाराचं करिअर शीटच्या तळाशी ‘नंतर बघू’ म्हणून पडलेलं असतं, हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकेत आणि कॅनडात नर्स, शिक्षक, वकील यांचं लायसन्स राज्यानुसार नाहीतर प्रांतानुसार असतं, एका शहरात चालणारं दुसऱ्यात चालेलच असं नाही. आणि तुमचीही नोकरी समजा आठ महिन्यांत गेली, तर त्याच घरातून जाता येईल अशा अजून किती कंपन्या आहेत? एकच असेल तर तो पगार दिसतो तेवढा मोठा नाही.

सल्ला विचारताना आपण तिथं राहणाऱ्यांनाच विचारतो. त्यांनी निर्णय घेऊन टाकलेला असतो, ते चांगलंच सांगणार. शहर सोडून गेलेल्या दोघा-तिघांना गाठा आणि का सोडलं ते विचारा.

एवढं करूनही काटा मधेच अडकला असेल तर अजून माहिती गोळा करू नका, त्यानं गोंधळच वाढतो. कुठलं शहर चुकलं तर मागे फिरणं स्वस्त पडेल ते बघा आणि तिथं आधी जा. पहिले दोन-तीन महिने फर्निश्ड, छोट्या मुदतीचं घर घ्या, महाग पडलं तरी चालेल. जुन्या शहरातलं घर लगेच विकू नका, नव्या शहरात पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. जाऊन बसलाय आणि जमत नाहीये असं असेल तर आधी एरिया बदलून बघा, बऱ्याचदा भांडण शहराशी नसतं, त्या दीड तासाच्या प्रवासाशी असतं. आणि भाडेकरार मुदतीआधी सोडायचा झाला तर नोटीस किती, दंड किती, आपल्या जागी दुसरा भाडेकरू आणून देता येतो का, हे सही करायच्या आधीच लेखी घ्या.