बझरच्या अलीकडे आणि पलीकडे: प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धेत स्वतःशी काय बोलावे

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये, म्हणजे जागा बदलत, घड्याळाशी स्पर्धा करत पिस्तुलाने टार्गेट मारण्याच्या खेळात, नव्याने उतरणाऱ्याला पकड, ट्रिगर, होल्स्टरमधून पिस्तूल काढणे आणि मॅगझिन बदलणे शिकवणारे कोणी ना कोणी भेटतेच; पण स्टेज (टार्गेट मांडून आखलेली स्पर्धेची एक फेरी) सुरू असताना डोक्यात जी बडबड चालते तिचे काय करायचे, हे फार कमी जण सांगतात. अनेक वर्षे स्पर्धा खेळल्यावर माझे मत असे झाले आहे की, प्राथमिक कौशल्ये हातात बसलेल्या नेमबाजाचे जितके गुण हाताच्या चुकीने जातात, त्याहून जास्त या बडबडीपायी जातात. तिला गप्प करण्याच्या नादी लागू नये, कारण ती तशी गप्प होत नाही. तिला काम द्यावे लागते, आणि कोणत्या क्षणी कोणते काम द्यायचे हे रेंजवर जाण्यापूर्वी ठरलेले असावे लागते.

या खेळात हा प्रश्न इतका तीव्र का होतो, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया येथे आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही या खेळाची संघटना स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, ताकद आणि वेग हे तिचे तीन शब्दांचे लॅटिन ब्रीद आहे. वेळेची मर्यादा पाळून एकाच जागी उभे राहून केलेल्या नेमबाजीत मनाला मुख्यतः एकच गोष्ट सांगावी लागते: नीट मार. येथे मात्र मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते आणि त्या भागाकाराला, म्हणजे हिट फॅक्टरला, किंमत असते. त्यामुळे डोक्यात दोन आवाज कायमचे भांडत असतात. एक म्हणतो ‘घाई कर’, दुसरा म्हणतो ‘जपून’, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. हे भांडण सुरुवातीची खूण देणारा बझर वाजल्यावर सोडवायला घेतले, की त्याचा निकाल लागेपर्यंत दोन टार्गेट मागे पडलेली असतात.

ते भांडण आधीच मिटवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे हिशेब. समजा, बारा कागदी टार्गेट आहेत, प्रत्येकावर दोन गोळ्या मोजल्या जाणार आहेत, आणि तुम्ही मायनर पॉवर फॅक्टरमध्ये (कमी ताकदीच्या काडतुसांच्या गटात) खेळता. टार्गेटच्या मधल्या भागाला, म्हणजे अल्फाला ५, त्याबाहेरच्या चार्लीला ३ आणि कडेच्या डेल्टाला १ गुण. सगळे अल्फा लागले तर १२० गुण होतात. १५ सेकंदांत संपवले तर हिट फॅक्टर ८ येतो. याच वेळात चार चार्ली लागले, तर ११२ गुण आणि हिट फॅक्टर ७.४७. सगळे अल्फा मारण्यासाठी एक सेकंद जास्त घेतला, तर ७.५०, म्हणजे जवळजवळ तेवढाच. पण एक गोळी टार्गेटबाहेर गेली, तर त्या गोळीचे ५ गुण जातात आणि वर १० गुणांचा दंड बसतो, म्हणजे १५ सेकंदांत १०५ गुण आणि हिट फॅक्टर ७.००. तीच चुकलेली गोळी त्याच क्षणी ओळखून अर्ध्या सेकंदात पुन्हा मारली, तर ७.७४. हे आकडे एकदा कागदावर स्वतः मांडून पाहावेत. त्यानंतर ‘मी हळू जातोय का?’ हा प्रश्न स्टेजमध्ये उगवला तरी त्याचा जोर ओसरलेला असतो, कारण त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते: चार्लीसाठी थांबायचे नाही, मिससाठी मात्र थांबायचे.

आता प्रत्यक्ष स्टेजकडे येऊ. स्क्वॉडला (एकत्र खेळणाऱ्या गटाला) स्टेज पाहण्यासाठी साधारण काही मिनिटे मिळतात आणि त्या वेळी सगळे हात पुढे धरून इकडून तिकडे चालत असतात. मनातल्या बोलण्याला सर्वांत जास्त मोकळीक द्यायची ती याच वेळी. क्रम ठरवताना शब्द वापरावेत, अगदी पुटपुटावे: डावीकडची दोन, पोर्टमधून (भिंतीतल्या खिडकीतून) तीन, निघता निघता मॅगझिन, पॉपर (गोळी लागली की पडणारे स्टीलचे टार्गेट), मग मागची दोन. जिथे उभे राहायचे तिथली जमिनीवरची खूण, पाय कुठे पडणार, तिथून कोणते टार्गेट दिसते, हे बोलून पक्के करावे. पण पुढच्या फेऱ्यांत शब्द एकेक करून गळून पडायला हवेत आणि त्यांच्या जागी चित्र यायला हवे. तुमची पाळी येण्यापूर्वी डोळे मिटून सगळी स्टेज स्वतःच्या वेगाने पाहा. एखाद्या ठिकाणी चित्र अडखळले आणि ‘आता पुढे काय?’ असा आवाज आला, तर बझरनंतर नेमक्या त्याच ठिकाणी तो पुन्हा येणार हे निश्चित समजावे. तेवढाच तुकडा पुन्हा घोकावा. संपूर्ण स्टेज पुन्हा पुन्हा चालत राहण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

याच टप्प्यावर नकारार्थी वाक्ये गाळून टाकावीत. एका टार्गेटचा उजवा अर्धा भाग पांढऱ्या नो-शूटने, म्हणजे गोळी लागल्यास दंड होणाऱ्या टार्गेटने, झाकलेला आहे, असे समजा. ‘नो-शूटला लावू नकोस’ असे स्वतःला बजावले, की डोळा आधी नो-शूट शोधतो, कारण जे टाळायचे आहे ते ध्यानात धरल्याशिवाय टाळता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते, आणि ते अस्वल त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिले. म्हणून त्या टार्गेटचा जो भाग उघडा आहे त्याच्या मध्यावरचा एक ठिपका, भोकावर चिकटवलेली एखादी जुनी पट्टी किंवा कागदाची घडी निवडावी आणि मनाला सांगावे: तिथे. नो-शूटचे नावही काढू नये.

‘लोड अँड मेक रेडी’ ही आज्ञा झाली, की बोलण्याची जागा आकसू लागते. पिस्तूल भरून होल्स्टरमध्ये ठेवेपर्यंत प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, त्याच गतीने त्याच गोष्टी कराव्यात. हा ठरलेला क्रमच मनाला ताळ्यावर आणतो. एक गोष्ट नवोदितांना ठाऊक नसते: तुम्ही सुरुवातीची स्थिती घेतल्याशिवाय रेंज ऑफिसर (स्टेज चालवणारा पंच) पुढे जात नाही, आणि ‘आर यू रेडी?’ या प्रश्नावर तयार नसाल तर ‘नॉट रेडी’ असे स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मागे उभे असलेले सगळे ताटकळत आहेत, या संकोचाने अर्धवट मनाने स्थिती घेऊ नये. चित्राची पहिली तीन टार्गेट स्वच्छ दिसली की मगच हात जागेवर न्यावेत.

‘स्टँडबाय’ ही आज्ञा आणि बझर यांच्यामध्ये १ ते ४ सेकंद जातात, आणि माझ्या मते सगळ्या स्पर्धेतील सर्वांत अवघड वेळ ही आहे. छातीत धडधड ऐकू येते, कानावरच्या इअरमफमुळे स्वतःचा श्वास मोठा वाटतो, आणि नेमक्या या मोकळ्या जागेत ‘सगळे बघत आहेत’, ‘मागच्या स्टेजसारखे होऊ नये’ अशी मनात पाल चुकचुकते. मी येथे एकच शब्द वापरतो: ‘बघ’. अर्धा श्वास सोडायचा आणि पहिल्या टार्गेटवरच्या निवडलेल्या ठिपक्यावर नजर रोवायची. बझरची वाट पाहायची नाही. नजर कामात असली की बझर आपोआप ऐकू येतो. तुमचा शब्द वेगळा असू शकेल. मात्र तो लहान असावा, क्रियेचा असावा आणि सरावात रोज वापरलेला असावा; स्पर्धेच्या सकाळी शोधलेला शब्द ऐन वेळी सुचत नाही.

अशा छोट्या सूचनांचा उपयोग अनुभवापुरताच मर्यादित नाही. ग्रीसमधील हातझीयोर्जियादिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली खेळाडूंच्या स्वसंवादावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. बारीक हालचालींच्या कामात ‘तू करशील’ अशा उत्तेजनापेक्षा काय करायचे ते सांगणारे बोलणे अधिक परिणामकारक ठरते, आणि नव्याने शिकत असलेल्या कामात स्वसंवादाचा लाभ अंगवळणी पडलेल्या कामापेक्षा जास्त होतो, असे त्यातून दिसले. आपल्या खेळाच्या दृष्टीने दोन्ही निष्कर्ष महत्त्वाचे आहेत. नवख्याने ‘जिंकायचेच’ असे मनाला ठणकावण्यात काही हशील नाही. त्याने ‘साइट’ (पिस्तुलावरची नेम धरण्याची खूण), ‘दाब’ (ट्रिगर) असे एखादे नेमके काम सांगावे. आणि जसजसे ते काम अंगवळणी पडेल तसतसा तो शब्दही सोडून द्यावा, कारण जमलेल्या हालचालीला टप्प्याटप्प्याने सूचना देत बसले तर ती अडखळते.

बझरनंतर तोंड बंद, हा आदर्श आहे. पण सुरुवातीला एका बोलण्याला मी आवर्जून जागा देतो आणि ते सुरक्षिततेचे आहे. जागा बदलताना किंवा मॅगझिन बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या आत राहिले, किंवा नळी सुरक्षित कोनाबाहेर गेली, तर स्पर्धेतून बाद केले जाते आणि उरलेल्या सगळ्या स्टेज गमवाव्या लागतात. तो नियम योग्यच आहे. म्हणून प्रत्येक हालचालीच्या सुरुवातीला ‘बोट’ हा शब्द मनात उमटलाच पाहिजे. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावीकडे धावत मॅगझिन बदलताना तर विशेष जपावे, कारण त्या वेळी नळी सहज डावीकडे वळते. अशा वाटेवर ‘नळी समोर’ एवढे सांगून निघावे. बोट आपोआप बाहेर येऊ लागेपर्यंत वेगाविषयी स्वतःशी एक अक्षरही बोलू नये, असे माझे ठाम मत आहे.

यापलीकडे जे बोलणे स्टेजमध्ये येते ते बहुतेक वेळा निकालाचे असते, आणि खरा धोका तिथे आहे. ‘ती गोळी गेली वाटते’ हे वाक्य मनात पुरे होईपर्यंत तुमची नजर मागच्या टार्गेटवर आणि पिस्तूल पुढच्या टार्गेटवर असते. गोळी सुटताना साइट कुठे होती हे दिसले असेल, तर निर्णय शब्दांविना होतो: बाहेर होती, पुन्हा मार, आत होती, पुढे चल. दिसलीच नसेल, तर मागे वळून कागदावर भोक शोधू नये. स्टीलचा पॉपर उभा राहिला तर चिडण्याचे कारण नाही, तो दिसतोच आहे. त्याला पुन्हा मारावे. लोक शिव्यांबद्दल सावध असतात, पण कौतुकाबद्दल नसतात. ‘आज मस्त चाललंय’ हे वाक्यही तितकेच घातक असते, कारण तेही वर्तमानातून उचलून तुम्हाला गुणतक्त्यापाशी नेऊन ठेवते. लागोपाठ सहा अल्फा मारल्यानंतरचे सातवे टार्गेट पुष्कळदा याच वाक्यापायी बिघडते.

पिस्तूल अडकले तर? तिथे बोलायला वेळच नसतो. मॅगझिनवर थाप, स्लाइड मागे, पुढे चल, ही हालचाल घरी डमी काडतुसांवर इतकी घोटलेली असावी की मनाला विचारावेच लागू नये.

‘रेंज इज क्लिअर’ ही स्टेज संपल्याची आज्ञा झाल्यावर बडबडीला पुन्हा दार उघडते आणि तेव्हा ती सर्वांत क्रूर असते. स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी ‘तू’ म्हणावे किंवा स्वतःचे नाव घ्यावे, हा उपाय मला मनापासून पटतो. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या संशोधनातही असे बोलणाऱ्यांना तणावाच्या प्रसंगानंतर कमी त्रास झाल्याचे आढळले होते. ‘मी नेहमी असेच करतो’ यातून काही निघत नाही. ‘तू तिसऱ्या पोर्टमध्ये पाय टेकण्याआधी गोळी सोडलीस’ यातून उद्याचा सराव निघतो. हे बोलणे गुण लिहून होईपर्यंत संपवावे. नंतर स्क्वॉडसोबत टार्गेटवर पट्ट्या चिकटवायला आणि पॉपर उभे करायला आधी निघावे. ते कर्तव्य तर आहेच, शिवाय भोकावर अंगठ्याने पट्टी दाबताना, एकामागून एक भोक बुजवताना, डोके जेवढे रिकामे होते तेवढे खुर्चीत बसून होत नाही. स्पर्धा संपेपर्यंत इतरांचे हिट फॅक्टर पाहू नयेत, असे मी सुचवेन. काही अनुभवी खेळाडू ते पाहून त्यानुसार जोखीम ठरवतात, परंतु ती कला नवोदिताच्या कामाची नाही.

हे सगळे घरच्या ड्राय फायरमध्ये (गोळीविना सरावात) बसवावे लागते. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, टायमरला उशिरा वाजणारा बझर लावावा आणि ‘स्टँडबाय’ स्वतःच मोठ्याने म्हणावे. त्या वाट पाहण्याच्या सेकंदांत कोणते वाक्य आले, ते प्रत्येक वेळी वहीत आहे तसे लिहावे; त्याला चांगले-वाईट ठरवू नये. काही आठवड्यांत दिसेल की तीच दोन-तीन वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. त्यांतील प्रत्येकासमोर एक काम लिहा: ‘उशीर होतोय’ यासमोर ‘पुढचा ठिपका’, ‘चुकणार’ यासमोर ‘साइट’. पुढच्या सरावात एका वेळी एकच जोडी घ्यावी, आणि ती आठवावी न लागता आपोआप येऊ लागली की मगच दुसरीकडे वळावे.