ऑइल बदलल्यावर बाइकचा क्लच घसरतोय? माझा अनुभव

बडोद्यात ऑइल बदलून घेतलं आणि क्लच घसरू लागला: वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, वेग वाढायचा नाही. क्लच केबलला प्ले (थोडी ढील) दिला, फरक शून्य. डोकं उठलं.

गॅरेजवाल्याने कारचं ऑइल भरलं होतं. त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं बाइकच्या, इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या क्लचला चालत नाहीत.

इंजिन कोमट करून ड्रेन बोल्ट काढला, ऑइल पूर्ण निथळू दिलं, नवा वॉशर लावला. मग मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, म्हणजे दाटपणाचं ऑइल भरलं (माझ्या गाडीला १०डब्ल्यू-३०), पण डब्यावर 'जासो एमए२' (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानकाची खूण) वाचूनच. 'जासो एमबी' लिहिलेलं ऑइल गिअरलेस स्कूटरचं. इंजिन थोडं चालवून बंद केलं, काही मिनिटांनी गाडी सरळ धरून पातळी पाहिली. क्लचच्या प्लेटांत जुनं ऑइल मुरलेलं राहतं, म्हणून २०० किलोमीटरनंतर पुन्हा बदललं. तेव्हा कुठे पकड आली. उन्हाळ्यात जास्त दाट २०डब्ल्यू-५० सुचवणारे भेटतात. मॅन्युअलमध्ये नसेल तर नको.